पंपावरचे फडके

परवा भर दुपारी गाडी पाहायला आलेल्या मुलाने बॉनेट उघडले आणि टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे ओढणाऱ्या पंपावर सुतळीने बांधलेले फडके दोन बोटांनी उचलून विचारले, "काका, हे कायले बांधलं?" त्याला काय सांगावे ते मला चटकन सुचेना. ज्यांच्या घरी फियाट होती त्यांना हे सांगावे लागत नाही.

कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी आहे, पण आमच्या दारव्ह्याकडे तिला फियाटखेरीज दुसऱ्या नावाने कोणी ओळखले नाही. 1992 साली कापसाचे पैसे हाती आले तेव्हा बाबांनी ती घेतली. गिअर स्टिअरिंगलाच असल्यामुळे पुढची सलग सीट मोकळी राही आणि तिच्यावर बाबा, आई, मी आणि मांडीवर धाकटी बहीण असे आम्ही चौघेही मावत असू. मागे पाहुणे, आणि पाहुणे नसतील तेव्हा सरकीची पोती.

तिचा एकच मोठा दोष होता आणि तो नेमका आमच्या मुलखात उघडा पडणारा होता. पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला. नवतप्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला आणि गाडी चढावर तापली की पंपातच पेट्रोलची वाफ होई आणि पंप नुसताच हलत राही. यवतमाळच्या रस्त्यावर एका मे महिन्यात ती अशीच उभी राहिली होती, ते मला अजून दिसते. बाबांनी आम्हांला कडुनिंबाखाली बसवले, बंपरला टांगलेली कॅनव्हासची छागल सोडली, खांद्यावरचा दुपट्टा फाडून त्याची घडी पंपावर ठेवली आणि तिच्यावर बेताबेताने पाणी सोडू लागले. चर्र आवाज आला, वाफ उठली, ओल्या कापडाचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास सुटला. बहीण तहानेने रडत होती. बाबा म्हणाले, "आधी तिले पिऊ दे." आई त्यावर काही बोलली नाही, पण घरी पोहोचेपर्यंत ती बाबांशीही बोलली नाही.

पुढे तिची सगळी तऱ्हा माझ्याकडे आली. थंडीत चोक किती ओढायचा, डाव्या बाजूचे दार किंचित उचलून कसे लावायचे, इंजिनात ठिणगी पाडणारे पॉइंट पावसाळ्याआधी घासून कसे घ्यायचे, हे मला पाठ झाले. मिस्त्री पॉइंटांमधले अंतर काडीपेटीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीने जुळवत असे आणि ते कधी चुकले नाही. तो दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या मुलाचे दुकान चांगले चालते, पण तो गाडीला आधी मशीन जोडून पाहतो, आणि हिला मशीन जोडायला जागाच नाही. 2022 मध्ये नोंदणीचे नूतनीकरण करायला गेलो तेव्हा 600 रुपयांचे शुल्क 5,000 झालेले होते, तेही भरले. मात्र पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येऊ लागल्यापासून तिची जुनी रबरे टिकेनाशी झाली. वर्षभरात पंपाचा पडदा तीनदा बदलला, आणि तिसऱ्या वेळी पेट्रोलचा वास ओसरीपर्यंत आला तेव्हा आई म्हणाली, "पुरे झालं आता."

विकायचे ठरले, तरी गाडीजवळ उभे राहून मी ती गोष्ट कधी काढली नाही. या मुलाला पहिला फोन केला तोसुद्धा गोठ्यामागे जाऊन. हा वेडेपणा मला आजोबांकडून आला असावा. बैल विकायचा झाला तर ते गोठ्यात त्याचा उच्चारही करत नसत. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्याच्या खांद्याला लोणी-हळद लावून "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हटले, त्याच्या देखत त्याच्या किमतीची बोलणी कशी करायची, असे त्यांचे म्हणणे होते. बाजारात व्यवहार झाला तरी दावे ते देत नसत. ते सोडून घरी आणत आणि खुंटीला टांगून ठेवत. गाडीच्या बाबतीत तशी सोय नाही, चावी द्यावीच लागते.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बाद झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी केवढा गहिवर काढला होता. मी ती बातमी वाचली आणि बाहेर जाऊन टायरची हवा पाहून आलो.

मुलगा नागपूरचा आहे. तो हिला रंग देऊन लग्नाच्या फोटोंसाठी भाड्याने देणार आहे, म्हणजे तिच्यापुढे आता हार आणि नवरानवरी, धूळ नाही. वाईट नाही. मी त्याला चोक दाखवला, दार दाखवले, आणि शेवटी फडक्याची सगळी हकीकत सांगितली. त्याने ती मन लावून ऐकली. मग म्हणाला, "विजेवरचा पंप बसवून टाकतो काका, मागे टाकीजवळ. तिथे तापायचा प्रश्नच नाही."

इसार हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो. मला त्या पोराचा रागच आला. इतकी साधी गोष्ट होती, तर ती बाबांना कोणी सांगितली का नाही?