गिऱ्हाईक

दुपारपासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय. भाईसाब, इंजन ना भी हो तो हमें फर्क नहीं पड़ता. म्हाळसेच्या दर्शनाला आलेला कुणीतरी, आसगावला कॅफे काढतोय म्हणे, गेटातून आमची जुनी फियाट दिसली म्हणून सरळ आत. चारी बाजूंनी फिरला, फोटो काढले, बम्परच्या क्रोमवरून हात फिरवला, आणि मग हे. बोनेट उघडून दाखवा असं एकदासुद्धा म्हणाला नाही. मी आपला हातात पाना घेऊन उभा.

राग आला का? नाही, राग नाही. काहीतरी दुसरंच.

म्हणजे बघा ना, पत्र्याचं काम कुणालाही दिसतं. आपल्याकडची खारी हवा आणि त्यात चार महिन्यांचा पाऊस, दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात ती लाल मातीने बुजतात, पाणी आतच साठतं आणि पत्रा आतून खात जातो. बाहेर रंगाला नुसता एक फोड दिसतो, फोड खरवडला की बोट आरपार. तो सगळा सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, रेड ऑक्साइड मारला, पुट्टी भरली, घासली, परत भरली, परत घासली. ते ठीक. पण १०८९ सीसीचं ते एवढंसं इंजिन, त्याच्या रिंगा, व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरचा फ्लोट, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, एकेका पार्टसाठी कुर्ल्याला सीएसटी रोडवर दुकानं पालथी घातली, आणि तिथलेसुद्धा आता हसतात, कारण मुंबईची पद्मिनी टॅक्सी, म्हणजे फियाटच, २०२३ लाच रस्त्यावरून गेली, मग माल ठेवणार कुणासाठी? माझ्यासाठी? आणि ह्याला इंजिन नकोच!

दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, मग दे की. पुण्यात बसून बोलायला काय जातं. असो, दादाचं पुन्हा कधीतरी.

इंजिन नसलेली गाडी दारात ठेवून तिच्यात बोगनवेल लावणार तो. लोक टपावर कोपर टेकून फोटो काढणार. अनमोडच्या घाटात ह्याच गाडीच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून आम्ही सगळे रस्त्याकडेला भेळ खात बसलेलो, इंजिन थंड होईपर्यंत, आणि बाबा दर पाच मिनिटांनी बोटाने पंप चाचपून बघायचे. फडकं आईच्या जुन्या साडीचं होतं. ते त्याला कुठून कळणार, आणि त्याला कशाला कळायला हवं.

पण मग संध्याकाळी अंगणात बसल्यावर आठवलं की शेवटची काही वर्षं बाबासुद्धा गाडीत नुसते बसायचेच की. बॅटरी कधीच मेलेली, टायर जमिनीला टेकलेले. पुढच्या त्या सलग सीटवर आडवं बसून ट्रान्झिस्टरवर मॅच ऐकायचे, चहा तिथेच. स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांडीला पिशवी अडकवलेली. इंजिन आहे की नाही ह्याची चौकशी त्यांनीही कधी

जाऊ दे.

आणि मी तरी कुठे जाणार आहे हिला घेऊन? जास्तीत जास्त फोंड्याच्या बाजारात, तेही पार्किंग मिळालं तर. रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी २०२२ ला सहाशेवरून पाच हजार झाली तेव्हा मी सरकारला चांगल्या शिव्या घातल्या होत्या आणि गाडी तेव्हा धड स्टार्टही होत नव्हती. गाडीचं काम करणारा मेस्त तर तोंडावरच म्हणतो, पात्रांव, गाडी जाली जाल्यार तुमी आयताराक कितें करतले? म्हणजे गाडी झाली तर मालक रविवारी करणार काय! हसलो मी त्यावर. जरा जास्तच हसलो बहुतेक.

रात्री जेवताना हिने सांगितलं की तो माणूस जाताना तिच्याकडे आकडा बोलून गेलाय. आकडा ऐकला आणि खरं सांगतो, पहिला विचार हाच आला की एवढेच? नुसत्या पत्र्याचे तरी जास्त व्हायला हवेत! बम्परचं क्रोम काय फुकट झालं का?

"इंजिन तुम्हीच ठेवून घ्या म्हणालाय," ती म्हणाली. "ते कुठे ठेवणार ते आधी सांगा. देवघरात जागा नाही."