पाठकुळी

रविवार, रात्री साडेदहा

खांद्यांना बाम चोळून बसलोय. सकाळी राजगडावरून चोरदरवाजाने गुंजवण्याकडे उतरताना आमच्यातल्या एकाचा पाय असा मुरगळला की टेकवेना. सत्तर किलोचा गडी. आम्ही सहा जण आळीपाळीने पाठकुळी घेत होतो. दर पन्नास पावलांना बदली. तिसऱ्या खेपेला माझेच पाय लटपटायला लागले. शेवटी खालून गावातली दोन पोरं वर आली आणि त्यांनीच त्याला उतरवला.

घरी येऊन गेल्जे शेर्पा या नेपाळी गाईडचा व्हिडिओ पुन्हा पाहिला. मे २०२३, एव्हरेस्ट. ८,००० मीटरच्या वर, ‘बाल्कनी’ म्हणतात त्या विसाव्याच्या सपाटीच्या आसपास त्याला एक मलेशियन गिर्यारोहक दोराला धरून कुडकुडताना दिसला. गेल्जेने आपल्या चिनी क्लायंटला शिखर सोडायला राजी केलं आणि त्या माणसाला मॅटमध्ये गुंडाळून, कधी पाठीवर घेत तर कधी बर्फावरून ओढत सुमारे सहा तासांत साउथ कोलपर्यंत, म्हणजे शिखराखालच्या शेवटच्या कॅम्पपर्यंत आणलं. हा के२ च्या, म्हणजे जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखराच्या, पहिल्या हिवाळी चढाईतला गडी, म्हणून जमलं. माझी पन्नास पावलं आठवली.

२००६ साली डेव्हिड शार्प हा ब्रिटिश गिर्यारोहक एव्हरेस्टच्या उत्तरेच्या कड्यावर मरत होता आणि चाळीसेक लोक त्याच्याजवळून गेले, हे वाचून मी एकदा ट्रेकच्या मुक्कामात केवढा तावातावाने बोललो होतो! आता तितकं सोपं वाटत नाही. शार्पला उभंही राहता येत नव्हतं. त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी त्याच वाटेवर लिंकन हॉल हा ऑस्ट्रेलियन गिर्यारोहक सापडला, आदल्या संध्याकाळी मेला म्हणून सोडून दिलेला. वर निघालेला अमेरिकन गाईड डॅन मेझर आणि त्याच्या साथीदारांनी हाताशी आलेलं शिखर सोडलं, तासन्‌तास त्याच्यापाशी थांबले. त्याबद्दल त्यांना सलामच. पण त्याला खाली आणलं ते खालून वर पाठवलेल्या शेर्पांनी. ही ओळ मी तेव्हा वाचली असणारच, पण लक्षात राहिला मेझर.

‘वाचवायला हवं होतं’ असं आपण म्हणतो, तेव्हा कुणाच्या पाठीवरून, हे कुठं म्हणतो? गेल्जेच्या त्या सुटकेनंतर दोनच महिन्यांनी के२ च्या बॉटलनेकवर, शिखराखालच्या अरुंद घळीत, मोहम्मद हसन हा पाकिस्तानी पोर्टर पडला. काही जणांनी खटपट केली, बाकीचे त्याला ओलांडून शिखराकडे गेले. ओझं वाहणाराच पडला, तर त्याला कोण उचलणार? शिखर सोडणं क्लायंटच्या हातात असतं आणि ते अवघडच, लाखो रुपये ओतलेले असतात. पण शेर्पाला ‘नाही, मी नाही उचलणार’ म्हणायची मुभा कितपत असते, कुणास ठाऊक.

आत्ताच ग्रुपवर हिशोब आला. डिझेल, मिसळ, चहा, आणि शेवटच्या ओळीत ‘ती दोन पोरं – १०००’. डोक्यावर ५४० रुपये. पाठवून टाकले.