हो, आत जाऊन बघते. बहुतेक वेळा.

चप्पल-बुटांच्या दुकानात काम करते असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘खरं सांग हं, तुम्ही लोक आत जाता तेव्हा खरंच शोधता का? की मोबाइल बघत उभे राहता आणि येऊन नाही म्हणून सांगता?’ विचारतात हसत हसत, पण उत्तर त्यांच्या मनात आधीच तयार असतं. इतकी वर्षं मीही हसून ‘शोधतो हो’ म्हणत आले. आता जरा नीट सांगते, तुम्ही विचारलंत म्हणून.

मोबाइल लॉकरमध्ये असतो. तो विषय संपला.

पाणी मात्र पिते. फ्लोअरवर दिवसभर उभंच राहायचं आणि गिऱ्हाइकासमोर बाटली तोंडाला लावायची नाही, असा नियम आहे. म्हणून आत गेले की दोन घोट घेते. तेवढा वेळ माझ्या नावावर मांडा हवं तर.

‘आत’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर बहुधा दुसरं, याहून मोठं दुकान येत असावं, सगळे नंबर, सगळे रंग भरलेलं. प्रत्यक्षात छताला टेकलेले रॅक असतात, दोन रॅकमधून अंग चोरून जावं लागतं, आणि एकसारख्या खोक्यांच्या थप्प्या. बहुतेक खोक्यांवर बुटाचं चित्र नसतं. एका बाजूला लेबल, त्यावर आर्टिकल नंबर, रंगाचा कोड, साइज आणि बारकोड. तुम्ही म्हणता ‘तो ब्राऊन, बकलवाला’. आत ब्राऊनही नसतो आणि बकलही नसतं, नुसते आकडे असतात. म्हणून मी आधी डिस्प्लेचा बूट उलटा करून त्यावरचा नंबर वाचते आणि तो पुटपुटत आत जाते. नेमकं तेव्हाच तुम्ही मागून हाक मारता, ‘आणि तो काळापण आणा!’ की गेला नंबर डोक्यातून. चार खोके छातीशी धरून बाहेर यावं आणि गिऱ्हाईक निघून गेलेलं असावं, हे तर नेहमीचंच. त्याबद्दल मला कुणी कधी विचारत नाही.

‘डिस्प्लेचा नको, आतून फ्रेश द्या’ हाही लाडका आग्रह. सांगू का? आतला जोडही कुणीतरी घालून बघितलेलाच असू शकतो. तुमच्या आधी तीन जणांनी पायात चढवला, नको म्हणाले, मी कागद भरून खोका परत रॅकवर ठेवला. आणि पुष्कळदा शेवटचा जोड म्हणजे डिस्प्लेवरचाच बूट असतो. त्याचा जोडीदार तेवढा आत खोक्यात एकटा पडलेला असतो.

आता कॉम्प्युटर. बिलिंगवरच्या मुलाने ‘सिस्टिममध्ये एक दाखवतोय’ म्हटलं की गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं, जणू तो एक मी घरी नेलाय. तो आकडा कशानेही चुकतो. दोन सारख्या किमतीचे जोड बिलाला आले, एक सात नंबरचा, एक आठचा. घाईत बिलिंगवाल्याने एकाच खोक्याला दोनदा बीप केलं. पैसे बरोबर आले, पण सात नंबरचा साठा एकाने कमी झाला आणि आठचा एकाने जास्त राहिला. चोरी झाली की आकडा तसाच राहतो. खराब म्हणून परत आलेला जोड बाजूला पडलेला असतो, तरी तो आकड्यात असतो. इनवर्ड झालेला, म्हणजे दुकानात आल्याची नोंद झालेला, पण न फोडलेला कार्टनही आकड्यात असतो. आणि जिथे एक विकला की दुसरा आपोआप मागवला जातो, तिथे या नसलेल्या एकामुळे नवा माल येतच नाही, कारण सिस्टिमच्या मते तो विकला गेलेलाच नसतो. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी एकाच साखळीच्या ३७ दुकानांतल्या जवळजवळ ३,७०,००० नोंदी तपासल्या होत्या. २००८ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळल्या नाहीत. हे वाचून मला इतकं बरं वाटलं की सरांना नेऊन दाखवलं. सर म्हणाले, ‘आपल्याकडे तसं नाही.’

आणि आता त्या काकांचं.

काळे फॉर्मल, लेसवाले, नऊ नंबर. कॉम्प्युटरवर १. हा १ माझ्या चांगल्या ओळखीचा होता. त्याच्या पायी मी त्या दिवसांत रॅक उपसले होते, शेजारच्या आर्टिकलचे खोके उघडले होते, एक्सचेंजचा ढीग पालथा घातला होता. सरांना सांगितलंही होतं की हा आकडा काढा एकदाचा. ‘मोजणीला बघू,’ म्हणाले. तेव्हा मी काकांना सरळ सांगितलं, ‘काका, सिस्टिम एक दाखवतेय, पण तो जोड सापडत नाहीये. मी शोधलाय. तुम्हाला उगाच थांबवत नाही.’

‘कधी शोधलात? मी तर आत्ता आलो.’

‘आधी दुसऱ्यांसाठी शोधला होता.’

‘म्हणजे माझ्यासाठी नाही शोधलात.’

यावर काय बोलणार? मी गप्प राहिले, आणि गप्प राहिले म्हणून त्यांचा आवाज चढला. दोन पावलं आत जायचा कंटाळा, पगार कशाचा घेता, वगैरे. बाजूला एक बाई मुलाच्या पायात बूट चढवत होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि परत लेस बांधायला लागल्या. सर आले. तो १ सरांनाही माहीत होता, माझ्याइतकाच. त्यांनी काकांकडे बघत मला सांगितलं, ‘अगं, एकदा नीट बघून ये ना.’

मी आत गेले. शोधलं नाही. दाराआड उभी राहिले आणि समोरच्या लेबलवरचे बारकोडचे आकडे वाचत राहिले. किती वेळ थांबलं म्हणजे शोधल्यासारखं वाटेल, याचा मला अगदी बरोबर अंदाज होता, आणि त्याचीच जास्त चीड आली. निघताना वरच्या खोक्यावरची धूळ हाताला लावून घेतली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बाहेर येऊन म्हटलं, ‘नाही काका, खरंच नाहीये.’

काका एकदम निवळले. ‘बघ बाळा, हेच आधी केलं असतंस तर?’ दुसरा जोड घेतला. जाताना सरांना म्हणाले, ‘मुलगी चांगली आहे. फक्त जरा सांगावं लागतं.’

शिव्या मी विसरते. हे वाक्य काही जात नाही.

पुढे मोजणीत तो खोका निघाला. लहान मुलांच्या सँडलच्या रॅकवर, सगळ्यात वर. लेबल नऊचं, आत डावा नऊ आणि उजवा आठ. कुणीतरी दोन्ही नंबर घालून बघितले असणार आणि भरताना अदलाबदल झाली असणार. दुसरं असंच विजोड पार्सल घेऊन गेलेलं माणूस परत का आलं नाही, देव जाणे. बरोबरची मुलगी म्हणाली, ‘बघ, होता की!’ होता? काका एका पायात आठ घालून गेले असते का? मी ‘नाही’ म्हटलं ते खरंच होतं, असं माझं अजूनही म्हणणं आहे. मी ‘शोधून आले’ असं म्हटलंच नव्हतं. तसं दिसेल असं वागले फक्त.

नोकरीला नवीन लागलेली मी असते तर या ‘फक्त’वर भांडली असती. तिचं म्हणणं सोपं होतं, खरं ते तोंडावर सांगायचं, लोकांना कळतं. नाही कळत, बाई. मी त्यांना खरं सांगितलं तेव्हा मी कामचुकार ठरले, आणि नाटक केलं तेव्हा चांगली मुलगी. आता माल नाही हे पक्कं ठाऊक असलं तरी मी आधी आत जाते. त्यावर ती म्हणते, मग तेवढा वेळ फ्लोअरवर जी माणसं ताटकळत उभी असतात त्यांचं काय? याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि मी जायचंही सोडलेलं नाही.

शिवाय तुमचा संशय अगदीच हवेतून आलेला नाही. बंद व्हायच्या वेळेला, पाय भरून आलेले असताना, मी समोरचे दोन रॅक बघते आणि स्टूलवर चढत नाही. आणि मध्यंतरी मीच कपड्यांच्या दुकानात गेले होते. तिथल्या मुलीने जागेवरूनच ‘मीडियम संपलाय’ सांगितलं, तर माझ्याच तोंडून गेलं, ‘एकदा आत बघता का?’ ती गेली. मी घड्याळ बघितलं.

तर नंबर खरोखर हवा असेल तर एक करा. बूट संध्याकाळी घ्यावेत, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात, हे बरोबर आहे. तेव्हा संध्याकाळी येऊन माप ठरवा आणि आतून शोधून हवा असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या, दुकान उघडल्या उघडल्या. तेव्हा मी स्टूलवर चढते. आणि मोबाइलमधला फोटो दाखवू नका, डिस्प्लेचा बूट हातात घेऊन या. नंबर त्याच्यावर असतो.