डाव संपल्यावर

शनिवार, रात्र

आज बुद्धिबळाच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीला एका पोराकडून हरले. हरल्याचं काही नाही. स्विस पद्धतीत पहिल्या फेरीला रेटिंगची यादी मधोमध कापतात आणि वरच्या अर्ध्यातला पहिला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्यासमोर बसतो. त्याचं १९४०, माझं १५४०. ठरलेलंच होतं.

पण हात मिळवला, स्कोअरशीटवर सही केली आणि तो उठूनच गेला. इतके तास समोरासमोर बसल्यावर पाच मिनिटं मोहरे परत मांडून डावाबद्दल बोलतात ना? बाबा बसायचे, समोरचा कितीही कच्चा असो. बाबांचं... असो.

नौपाड्यातून तलावपाळीपर्यंत चालत आले, डोक्यात तेच. माझा डाव बोलण्याच्याही लायकीचा नव्हता? शेजारच्या पटावरचे दोघं व्हरांड्यात भांडत तोच डाव परत लावत होते. चौदा वर्षांच्या पोरावर रुसायचं वय आहे का माझं? पण दोन शब्द तरी.

जेवणं झाल्यावर स्कोअरशीट काढली. खेळीपुढे घड्याळातली वेळ लिहायची मला सवय आहे. एकेचाळिसाव्या खेळीला त्याने बावीस मिनिटं घेतलीत! तिथे मी प्याद्यांची बदली मागत होते. ती झाली असती तर त्याच्याकडे हत्ती आणि एक प्यादं, माझ्याकडे नुसता हत्ती, राजा प्याद्याच्या वाटेत. मग हत्ती तिसऱ्या ओळीत धरून ठेवायचा आणि प्यादं त्या ओळीत शिरलं की पार पलीकडच्या टोकाला नेऊन मागून शह देत राहायचं. फिलिडोर या फ्रेंच बुद्धिबळपटूने अठराव्या शतकात दाखवलेली बरोबरी. त्यालाही पाठ असणार, म्हणून तर बदली टाळून राजा लांबच्या वाटेने आणला.

मग आकडेमोड केली. ४०० च्या फरकाला त्याच्याकडून ०.९२ गुण अपेक्षित, १८ च्या आतल्या मुलाचा के, म्हणजे रेटिंग किती हलणार त्याचा गुणक, ४०. मला हरवून रेटिंगमध्ये मिळाले ३.२, बरोबरी झाली असती तर १६.८ गेले असते. घाबरला होता पोरगा. कान लाल झालेले मी पाहिले होते, अर्थ आत्ता लागतोय. सुटला तसा दाराशी उभ्या आईकडे धावला.

बरं वाटलं, पण अर्धंच. ती बावीस मिनिटं त्याने माझ्या डावाला दिली, हे खरं. तरी बोलायला हवा होता. उद्या हॉलमध्ये दिसला की मीच विचारणार आहे: बदली घेतली असतीस तर बरोबरीच होती ना, की मला न दिसलेलं तिथेही काही होतं?