ढालीखालचा आकडा

आजीच्या गिनीला कडी होती. माझ्याकडे आल्यावर सोनाराने ती काढून दिली, पण कडेवरचा डाग राहिलाच. आपल्याकडे सॉव्हरिनला, म्हणजे ब्रिटिशांच्या सोन्याच्या नाण्याला, सर्रास गिनी म्हणतात, ही तीच. तिच्यावर सेंट जॉर्जच्या घोड्याखालच्या जमिनीवर, १९१८ या सालाच्या वर एक बारीक ‘आय’ आहे. आय म्हणजे इंडिया. मुंबईच्या टांकसाळीत त्या एकाच वर्षी सॉव्हरिन पाडल्या गेल्या. ते अक्षर भिंगातून दिसलं आणि तेव्हापासून मी अशा खुणांच्या मागे लागलो. यंदा त्यापायी लंडन गाठलं.

पहिल्याच सकाळी टॉवर हिलला गेलो. टॉवर ऑफ लंडन या किल्ल्याजवळच जुन्या रॉयल मिंटची, म्हणजे सरकारी टांकसाळीची, खांबांची दगडी इमारत उभी आहे. टांकसाळ आता वेल्समधल्या लँट्रिसंटला आहे. टॉवर हिलवर शेवटचं नाणं पडलं १९७५ मध्ये, आणि तेही सॉव्हरिनच. मी बराच वेळ कुंपणापाशी रेंगाळलो. मला हव्या होत्या त्या ढालीचं चित्र असलेल्या सॉव्हरिन सगळ्या इथेच पडलेल्या.

१८६३ ते १८७४ या काळात लंडनच्या ढालीच्या सॉव्हरिनवर ठशाचा, म्हणजे नाणं ज्याने पाडतात त्या साच्याचा, आकडा असे. कुठला ठसा कसा चालतो, याचा माग राहावा म्हणून. काही आकडे सहज मिळतात, काही वर्षानुवर्षं नजरेला पडत नाहीत. १८६३ च्या मोजक्या नाण्यांवर तर व्हिक्टोरिया राणीच्या चित्रातल्या मानेच्या कापावरच ८२७ आहे. ते माझ्या खिशाबाहेरचं.

दुपारी ब्रिटिश म्युझियमजवळच्या गल्लीत एका जुन्या दुकानात शिरलो. मालकांनी आधी १८५९ ची ‘अ‍ॅन्सेल’ दाखवली, विकायची नव्हती. टांकसाळीतल्या जॉर्ज अ‍ॅन्सेलने ठिसूळ, कुणाला नको असलेलं सोनं हट्टाने वापरून ही नाणी पाडली. ओळख एवढीच, की राणीच्या केसांच्या फितीवर एक जादा उंच रेघ. ती रेघ पाहताना मला खरोखर भरून आलं.

मग ढालीच्या सॉव्हरिनचा ट्रे पुढे आला. ढालीभोवतीच्या फांद्यांची गाठ जिथे बसते त्याच्या खाली, गुलाब-काटेफूल-शॅमरॉकच्या वर आकडा असतो. तिळाहून लहान. १८७१ ची एक उचलली. त्याच वर्षी सेंट जॉर्जचा घोडा सॉव्हरिनवर परत आला, म्हणजे आजीच्या गिनीवरचाच. माझ्या हातातली मात्र ढालीची. पहिला आकडा २ स्वच्छ होता, दुसरा ३ की ८ ते कळेना. समोरून उजेड पडला की सोनं चमकतं आणि आकडा बुडतो. मालकांनी दिवा आडवा केला. नाणं हळूहळू फिरवत गेलो, तसा आकड्याच्या डाव्या अंगाला सावलीचा काठ उभा राहिला, वरही आणि खालीही. ८ च!

मालकांनी छोट्या कागदी पाकिटावर पेन्सिलने लिहिलं: १८७१, २८. मी ते पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि स्टेशनपर्यंत हात तिथून काढला नाही.