तीन हजारला चाललेय

आमच्या वसतिगृहातल्या नववीतल्या मुलीची राज्यस्तरीय शालेय मैदानी स्पर्धेसाठी निवड झाली. सतरा वर्षांखालील मुली, तीन हजार मीटर. तिच्यासोबत पुण्याला जाणार होते शाळेचे क्रीडाशिक्षक. त्यांना ऐनवेळी निवडणुकीची ड्युटी लागली आणि मुख्याध्यापक म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच जा."

मी कॅथलिक नन, मूळची वसईची. सुरगाण्याकडे येऊन अकरा वर्षं झाली. पळण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. संध्याकाळी ती मैदानाला फेऱ्या मारते आणि मी पायरीवर बसून चिंचोके मोजते, एवढाच माझा त्यातला वाटा. एक फेरी झाली की एक चिंचोका या खिशातून त्या खिशात. जपमाळ ओढायची सवय असलेल्या हाताला हे काम चांगलं जमतं.

खरी धावपळ कागदांची. बोनाफाईड, जनरल रजिस्टरचा उतारा, आधार, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, फोटो चिकटवलेलं खेळाडू ओळखपत्र. यात कुणी मागितलेलं नव्हतं ते एक पत्र मी स्वतःहून जोडलं: वडिलांचं संमतीपत्र. जुलै 2025 मध्ये छत्तीसगडात दुर्ग स्टेशनवर काही तरुणींसोबत निघालेल्या केरळच्या दोन सिस्टरांना मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली होती. 2 ऑगस्टला त्या जामिनावर सुटल्या. तेव्हापासून पोरीला दवाखान्यात न्यायचं असलं तरी मी कागद सोबत ठेवते. भीती म्हणा हवं तर.

वडील होते दिंडोरीकडे, द्राक्षबागेत. आमच्या भागातली अर्धी माणसं हंगामात तिकडेच असतात. बांधावर उभं राहून त्यांना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी हात पँटला पुसले, स्टॅम्पपॅडवर अंगठा दाबला आणि म्हणाले, "कुठं लावायचा?" मी बोट ठेवलं तिथे तो उमटला. औषधात बुडालेल्या बोटांवर शाई नीट धरेना, म्हणून दोनदा लावावा लागला.

शनिवारी पहाटेची एसटी पकडून नाशिकला आलो. दोघींची हाफ तिकिटं. 2023 पासून बायकांना अर्धं भाडं आहे ही आमच्यासारख्यांना मोठीच सोय झाली. ठक्कर बाजारला पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो. मी पांढऱ्या झग्यात, गळ्यात क्रूस, शेजारी डोंगराकडची मुलगी आणि तिची पिशवी. पंचविशीतला एक तरुण बराच वेळ आमच्याकडे बघत होता. शेवटी जवळ येऊन त्याने तिलाच विचारलं, "कुठं चाललीस गं?"

ती म्हणाली, "पुण्याला. तीन हजारला चाललेय."

त्याचा चेहरा मला अजून आठवतो. "तीन हजारला?" एवढंच तो म्हणाला आणि खिशातून मोबाईल काढला. आजूबाजूच्या दोन-चार माना वळल्या. माझ्या पोटात गोळा आला. फाईल उघडायला गेले तर चेन अडकली. ती पोरगी मात्र वैतागली होती. "रुपये नाय हो, मीटर! साडेसात राउंड!" असं म्हणून तिने पिशवीतून स्पाईक्सचे बूट काढून त्याच्या नाकासमोर धरले. तो ओशाळला. मग त्याने फाईल बघितली, सगळी, संमतीपत्रासकट. शेवटी "बेस्ट लक" म्हणून गेला. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. पण त्याने निदान विचारलं तरी. न विचारता व्हिडिओ काढणारेही असतात.

बालेवाडीला पोचायला दुपार झाली. पडताळणीच्या टेबलावर आमची गाडी पुन्हा अडली, आणि त्यात चूक माझीच होती. तिच्या आधारवर जन्मतारीख 1 जून. आमच्याकडे निम्मं गाव 1 जूनला जन्मलेलं आहे. पोर शाळेत घालताना आईबापाला तारीख सांगता आली नाही की मास्तर हीच लिहायचे. जन्मदाखल्यावर मात्र 19 ऑगस्ट. साल तेच, वयोगटही तोच. पण ऑनलाईन फॉर्म भरताना मी आधार समोर ठेवलं होतं आणि दाखला नंतर जोडला होता.

टेबलावरचे सर शांत होते. "मुख्याध्यापकांचं पत्र मागवा. आणि इथे तुमची सही करा." सहीच्या वर रकाना होता: खेळाडूशी नातं. मी 'वॉर्डन' लिहिलं. ते म्हणाले, "हे नातं नाही, हुद्दा आहे." मग म्हणाले, "राहू द्या."

मुख्याध्यापकांच्या गावात रेंज टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नाही. पत्राचा फोटो येईपर्यंत पावणेसहा वाजले. शनिवारी संध्याकाळचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आम्हाला रविवारचा म्हणून चालतो, तोही हुकला. आणि शर्यत रविवारी सकाळी. स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलने 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर सोडली होती, कारण तिची प्राथमिक फेरी रविवारी होती आणि रविवार देवाचा. मग तो चारशे मीटर जिंकला आणि पुढे मिशनरी होऊन चीनला गेला. मोठा माणूस. पण त्याचा रविवार त्याचा स्वतःचा होता. पोरीचा रविवार मी कशी सोडणार?

सकाळी कॉल रूमच्या, म्हणजे शर्यतीआधी खेळाडू जमतात त्या खोलीच्या दारात कळलं की चेस्ट नंबरला चार पिना लागतात आणि आमच्याकडे दोनच आहेत. डोक्यावरच्या कापडाच्या दोन काढून दिल्या. मग शर्यत संपेपर्यंत ते कापड वाऱ्यावर उडत होतं आणि मी ते एका हाताने धरून बसले होते.

नव्या स्पाईक्सने टाचेला फोड आला होता. ती म्हणाली, "काढू?" मी पंचांना विचारलं. अनवाणी पळायला नियमाची आडकाठी नाही, ते म्हणाले. काढले. लोकांना वाटतं डोंगरातली पोरं हंडे वाहून आपोआप धावपटू होतात. तसं काही नसतं. ही दोन वर्षं रोज पहाटे पाचला उठलीय, परीक्षेच्या दिवसांतसुद्धा.

चौदा जणी होत्या. चौथ्या फेरीपर्यंत ती तिसरी होती. पाचवीत पाय जड झालेले मला गॅलरीतून दिसले. तिचा डावा खांदा खाली येतो तेव्हा. लॅप मोजायला तिथे माणसं होती, बोर्ड होता, शेवटच्या फेरीला घंटाही वाजली. तरी माझे चिंचोके चालूच होते. सात झाले, अर्धा कसा मोजायचा ते कळेना, म्हणून आठवा मुठीत धरून ठेवला. ती सहावी आली. पदक पहिल्या तिघींना.

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "ट्रॅक गरम नव्हता, सिस्टर. मऊ होता. मऊवर पाय उचलत नाय." माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं, सरांना विचारावं लागेल.

परतताना दिंडोरीला उतरलो. बागेत जाऊन तिने वडिलांच्या हातात सहभागाचं प्रमाणपत्र दिलं. त्यांनी ते उलटसुलट बघितलं, हात पँटला पुसले आणि मला विचारलं, "अंगठा कुठं लावायचा?"