कॉन्टेसाचा फॅन बदलला त्याची गोष्ट

माझी कॉन्टेसा १९९४ची, १.८ इसुझु इंजिनाची. बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवलंय, कार्बोरेटर दोन, हेडर (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) हाताने बनवून घेतलेला. शनिवारी पहाटे चोर्ला घाट चढायचा, जांबोटीला चहा घ्यायचा आणि उन्हं तापायच्या आत घरी, एवढ्यासाठी पाळलेली गाडी. घाटात तिने मला कधी दगा दिला नाही. दिला तो गोव्यातल्या पर्वरीत.

उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून पर्वरीत गाडी चालत नाही, सरकते. एप्रिलची दुपार, एसी चालू, आणि तापमानाचा काटा तांबड्याला टेकायला आलेला. एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण उघडला, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत तरी येईल. एप्रिलमध्ये हीटर! बायको पुलाच्या खांबांकडे बघत म्हणाली, "अहो, विकून टाका ही." त्यावर काही बोलण्याजोगं नव्हतं.

ज्याला विचारावं तो एकच सांगत होता: रेडिएटरमधून हवा ओढणारा मेकॅनिकल फॅन काढ, इलेक्ट्रिक लाव. तर्क बरोबर वाटत होता. मेकॅनिकल फॅन वॉटर पंपाच्या पुलीवर बसतो, त्यामुळे गाडी उभी असताना इंजिन आयडलला, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असलं की तोही रेंगाळतो. नेमकी जेव्हा हवा हवी तेव्हाच. उलट मोकळ्या रस्त्यावर ताशी ६०-७०च्या पुढे समोरून एवढी हवा येते की फॅनची गरजच उरत नाही, तरी तो इंजिनाची ताकद खातो. तीही सरळ हिशोबाने नाही: फेरे दुप्पट झाले की लागणारी ताकद आठपट. इलेक्ट्रिकला इंजिनाच्या वेगाशी देणंघेणं नाही, पाणी तापलं की पूर्ण जोरात सुरू. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तोच असतो, पण त्याचं एक कारण असंही आहे की त्यांचं इंजिन आडवं बसवलेलं असतं, पट्ट्यावरचा फॅन रेडिएटरसमोर येतच नाही. हे तेव्हा कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही.

म्हापशाहून बारा इंची फॅन, रिले आणि ९२ अंशांना चालू होणारा स्विच आणला. थर्मोस्टॅट (इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) ८२चा, म्हणजे स्विच त्याच्या वरच हवा. खालचा घेतला तर फॅन थांबणारच नाही. एवढं बरोबर केलं. पुढचं सगळं चुकलं. रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून फॅन बांधला, जुना काढून गॅरेजच्या फळीवर ठेवला आणि चोर्ल्याला गेलो. वरच्या फेऱ्यांना इंजिन मोकळं पळतंय असं खरंच वाटलं. मित्रांना दहा हॉर्सपॉवर वाढल्याचं सांगितलं. मोजले कुठे होते म्हणा.

जूनमध्ये फोंड्याहून रात्री परत येताना पाऊस कोसळत होता. हेडलाइट, वायपर, एसी, ब्लोअर आणि त्यात हा फॅन. ट्रॅफिकमध्ये थांबलो की दिवे मंद व्हायचे. घरी येऊन इंजिन चालू ठेवूनच बॅटरीवर मीटर लावला: आयडलला सगळं चालू असताना १२.१ व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) बॅटरी भरत नव्हता, उलट ती उपसली जात होती. जुन्या गाडीचा अल्टरनेटर मुळात लहान, त्यात आयडलला तो पूर्ण करंट देतच नाही, आणि असा फॅन सुरू होतानाच मोठा झटका घेतो. फ्यूजचा होल्डर उघडला तर प्लास्टिक वितळून तांबूस झालेलं. आणि इतकं करून गाडी पर्वरीत तापायची ती तापतच होती. पूर्वीपेक्षा दहा मिनिटं उशिरा, एवढाच फरक.

शेवटी फोंड्याच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेलो. "कितें जालें, पात्रांव?" एवढं विचारून त्यांनी कालच्या वर्तमानपत्राचं एक पान घेतलं, ग्रिल काढून कंडेन्सरवर (रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीवर) धरलं आणि मला फॅन चालू करायला सांगितलं. पान मधोमध ताटाएवढं घट्ट चिकटलं. चारही कोपरे मात्र फडफडत राहिले, एक तर सुटून खाली लोंबला. पुढे त्यांना काही सांगावं लागलं नाही. श्राउड, म्हणजे पूर्ण रेडिएटरची हवा फॅनकडे वळवणारं फॅनभोवतीचं आवरण, नव्हता, म्हणून फॅन स्वतःच्या गोलाएवढ्याच रेडिएटरमधून हवा ओढत होता. बाकीचं रेडिएटर नुसतं तापत बसलेलं. मूळ श्राउड तीन वर्षांपूर्वी वॉटर पंप बदलताना एका गॅरेजवाल्याने काढला आणि परत बसवलाच नाही. माझ्याही लक्षात आलं नाही, तेव्हा त्याला एकट्याला काय बोलणार.

मग ते म्हणाले, जुना फॅन आणून दाखवा. दुसऱ्या दिवशी नेला. त्यांनी त्याचा व्हिस्कस क्लच (पुली आणि फॅन यांना जोडणारा भाग) हातात धरून फिरवला, तर तो पाळण्यासारखा फिरत राहिला. आत सिलिकॉनचं तेल असतं. समोरची पट्टी गरम झाली की ते कामाला लागतं आणि फॅनला पकडतं, थंड असताना बऱ्यापैकी मोकळं सोडतं. तोंडावर तेलाचा ओघळ आणि त्यावर धुळीचा थर. तेल कधीच गळून गेलं होतं. म्हणजे मी चांगल्या फॅनशी नव्हे, मेलेल्या फॅनशी तुलना करून निर्णय घेतला होता. तो क्लच शाबूत असता तर इंजिनाची ताकद खातो ही तक्रारही निम्मी गळाली असती.

आता खरी निवड समोर आली. इलेक्ट्रिक नीट करायचा तर मोठा अल्टरनेटर, पूर्ण रेडिएटर झाकणारा श्राउड, दोन फॅन, जाड वायर. जमलं असतं, आणि गाडी ट्रॅकवर न्यायची असती तर मी तेच केलं असतं. पण एक वायर तुटली की सगळा खेळ खलास, आणि आमच्या खाऱ्या हवेत कनेक्टर हिरवे पडायला किती वेळ लागतो हे इथल्या कुणालाही विचारा. मी मेकॅनिकलवर परतलो.

क्लच मुंबईहून मागवला. बोल्टची भोकं जुळेपर्यंत दोनदा परत पाठवला. श्राउड कुठे मिळेना. तो बेतीला होड्यांचं फायबर करणाऱ्याने बनवून दिला. "हांगा मोटार नवीच," म्हणत आधी हसला, मग पुठ्ठ्याचा साचा घेऊन सुबक काम केलं. पात्यांची अर्धी रुंदी श्राउडच्या आत, अर्धी बाहेर, आणि टोकाला बोटभर मोकळी जागा, कारण माउंटच्या रबरावर इंजिन हलतं. एसीसाठी कंडेन्सरपुढे दहा इंची छोटा इलेक्ट्रिक फॅन, कॉम्प्रेसर चालू झाला तरच फिरणारा. तेवढा करंट अल्टरनेटरला झेपतो. आयडलला आता १३.४ दिसतात.

मागच्या आठवड्यात पर्वरीत पाऊण तास अडकलो, एसी चालू ठेवून. काटा मध्यावरून थोडा वर गेला, क्लचने पकड घेतली तसा फॅन घरघरला, आणि काटा खाली आला. घरी येऊन मी वर्तमानपत्राचं पान लावून पाहिलं. कोपऱ्यांपर्यंत चिकटलं. बारा इंची फॅन माळ्यावर आहे, कुणाला हवा असेल तर घेऊन जा. फ्यूजचा होल्डर मात्र नवा घ्यावा लागेल.